वाटसराची ओळ

यांची वाचा गेली तेव्हा सगळ्यात आधी मला राग आला तो देवाचा. रडू नंतर आलं. परभणीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी मनातल्या मनात महादेवाला म्हणाले, सगळ्या गावात तुझ्यापुढं गाणारा एक गळा होता, तोच तुला सापडला का? एवढं बोलून मी त्याच्याशी अबोला धरला. घरी आल्यावर देवापाशी दिवा लावत होते, पण तो हाताला सवय होती म्हणून. मी लहानपणापासून चौकस. देवालासुद्धा काही ना काही विचारत राहायची. पाऊस कुठं अडला, मोहोर का गळला, शेजारच्या म्हशीला पारडी आणि आमच्या म्हशीला रेडा का. हे मला चिडवायचे, "देव तुला भिऊनच गाभाऱ्यात अंधारात बसलाय." त्या दिवसांत मी त्याला काही म्हणजे काही विचारलं नाही.

आमचं गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून थोडं आत. थोडीशी जमीन, कापूस आणि तूर, एक म्हैस, आम्ही दोघं. एकुलती एक लेक पुण्याला नोकरी करते. कापूस वेचणीच्या दिवसांत हे सकाळी बांधावर बसल्या बसल्या कलंडले आणि उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी जीव वाचवला. महिन्या-दोन महिन्यांनी पाय टेकायला लागला, काठी घेऊन अंगणापर्यंत येऊ लागले. पण बोलणं आलं नाही. सगळं कळायचं. चिडायचे, हसायचे, बातम्या ऐकून मान हलवायचे. तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, भाजी खारट झाली तरी बरं. एकदा म्हैस दावं तोडून ज्वारीत शिरली, तर हे अंगणातून काठी हलवत ओरडायला लागले, "बरं! बरं! बरं!" मला हसू फुटलं. मग हसल्याचंच वाईट वाटलं आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले.

यांच्या वाचेबरोबर आणखी एक गोष्ट जाणार होती, आणि ती एकट्या आमच्या घराची नव्हती. ती सांगायची तर आमच्या गावचं पद सांगायला हवं.

आमच्या गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. चैत्रात त्याची जत्रा भरते आणि जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला सभामंडपात एक पद म्हणतात. ते म्हणायचा मान यांच्या घराचा. ते पद मराठी नाही, हिंदी नाही, कुणालाच समजत नाही. "रारा" असं त्यात पुन्हा पुन्हा येतं, बाकीचे शब्द जिभेवर गोट्यांसारखे फिरतात. म्हणे फार पूर्वी, राजेरजवाड्यांच्या काळात, दक्षिणेकडचा एक गवई या वाटेनं उत्तरेकडं चालला होता. आमच्या गावात आजारी पडला. यांच्या कुणा पूर्वजानं त्याला घरी ठेवून घेतलं, बरं होईस्तोवर जेवू घातलं. जाताना त्यानं हे पद शिकवलं, पण शेवटची ओळ शिकवली नाही. म्हणाला, परत येईन तेव्हा ती म्हणेन. तो काही परत आला नाही. तेव्हापासून पद म्हणणारा शेवटच्या ओळीपाशी येतो आणि थांबतो. समोर एक रिकामी घोंगडी अंथरलेली असते. त्या घोंगडीवर बाहेरगावचा कुणीतरी वाटसरू आणून बसवायचा आणि त्यानं त्याच्या भाषेतलं, त्याला येईल ते म्हणायचं. मग घंटा वाजते आणि आरती होते. या पदाचा आणखी एक कडक नियम होता. वर्षातून त्या एका दिवशीच ते तोंडातून काढायचं, एरवी गुणगुणायचंसुद्धा नाही. बापानं म्हणायचं, शेजारी बसलेल्या मुलानं ऐकायचं, असं करत ते आजवर आलं होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच जत्रेत सासूबाईंना विचारलं होतं, शेवटची ओळ का नाही म्हणत? त्या म्हणाल्या, "असंच ऱ्हातंय ते." मला असल्या उत्तरानं झोप येत नाही. पण विचारणार कुणाला? पाहुण्यांची मात्र मला दर वर्षी मोठी उत्सुकता असायची. वाटसरू आणायला पद म्हणणाऱ्या घरचाच माणूस फाट्यावर जायचा आणि जो सापडेल तो यायचा. एका वर्षी खताचा एजंट आला, त्यानं सिनेमातलं गाणं म्हटलं. एका वर्षी एसटीच्या कंडक्टरनं लाजत लाजत शाळेतली प्रार्थना म्हटली. गहू काढायच्या मोसमात हार्वेस्टर घेऊन पंजाबचे सरदारजी आले होते, त्यांनी अशी काही तान मारली की शिखरावरची कबुतरं उडाली. एकदा कुल्फीवाला भय्या आला, तो म्हणता म्हणता रडला, घर आठवलं त्याला. गावातली तरणी मंडळी गंमत म्हणून बघायची. मी मात्र प्रत्येकाला प्रसादाच्या निमित्तानं गाठून विचारायची, हे गाणं तुम्हाला कुणी शिकवलं, तुमच्याकडं ते कधी म्हणतात. हे लांबून हसत बघायचे. "झाला का पंचनामा?" असं घरी आल्यावर विचारायचे.

तर यांना मुलगा नाही. मुलीला शिकवावं असं मी एकदा बोलले होते, तेव्हा हे "बघू" म्हणाले आणि ते बघायचं राहून गेलं. लेकीनं एका जत्रेत मोबाईलवर पद रेकॉर्ड केलं होतं, पण त्यात घंटा, पोरांचा कालवा आणि फुगेवाल्याची पिपाणीच ऐकू येते. मला चाल पाठ होती, पण शब्दांतले निम्मेही नीट येत नव्हते. न समजणारे शब्द वर्षातून एकदा ऐकून कितीसे टिकणार? आणि ज्याला ते येत होते त्याच्या तोंडात "बरं" सोडून काही उरलं नव्हतं.

गाव तसं मायाळू आहे, पण मायेतही माणसं कधी कधी घोळ घालतात. आमच्या आळीला लागून मारुतीचं मंदिर आहे, तिथं शनिवारी भजन व्हायचं. हे आजारी पडल्यावर मंडळींनी भजन वरच्या आळीत हलवलं. गाणाऱ्या माणसाला गाणं ऐकवून का छळायचं, असा त्यांचा विचार. मलाही ते पटलं. मीही घरातला रेडिओ उचलून माळ्यावर टाकला, स्वतःही कधी काही गुणगुणले नाही. पाच महिने आमच्या घराच्या आसपास सुराचा थेंब पडू दिला नाही आम्ही.

चैत्र आला. जत्रेच्या आदल्या दिवशी गुरवाच्या घरचे शंकरमामा आले. देवळाची पूजाअर्चा त्यांच्याकडं, वयानं मोठे, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. ओट्यावर बसले, यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अवंदा पद न्हाई," ते म्हणाले. "नुस्तं पाव्हण्याला म्हणू द्यावं आन् आरती करावी. देव काय समजून घेणार न्हाई का? फाट्यावर मात्र तुमच्याच घरचं मानूस जायला पायजे. तुमीच चला माझ्यासंगं."

हे खाटेवर बसून ऐकत होते. "बरं," म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ काय ते मला आजही सांगता येणार नाही. पण डावा हात चादरीत मूठ आवळून बसला होता, तो मी पाहिला. मला इतकं भरून आलं की अबोला मोडून मी त्या रात्री देवाला एवढंच म्हणाले, तुझं तू बघ. माझ्याच्यानं आता काही होत नाही. डॉक्टर झाले, मालिश झाली, अंगारे-धुपारे झाले, नवस बोलून झाले. आता मी काही मागतही नाही आणि विचारतही नाही. इतकं म्हणून मी झोपले आणि कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी शंकरमामांबरोबर त्यांच्या पुतण्याच्या रिक्षातून फाट्यावर गेले. रिवाजाप्रमाणं तांब्याभर पाणी आणि फडक्यात बांधलेली भाकरी बरोबर होती. देवगाव फाटा म्हणजे चारी बाजूंच्या गाड्यांचा तळ. हॉटेलं, पंक्चरची दुकानं, उसाचा रस प्यायला थांबलेली माणसं. मामांनी एक रसवंतीवाला हेरून ठेवला होता. "ह्यो नगरकडचा हाय, बोलून ठिवलंय. चटकन आवरू." काम सोपं होतं. पण माझं लक्ष पलीकडं गेलं. कडुनिंबाखाली एक लांबलचक बस उभी होती, पाटीवर जिलेबीसारखी वळणदार अक्षरं. औंढ्याचं दर्शन करून वेरूळकडं निघालेले दक्षिणेचे यात्रेकरू. बसचं इंजिन तापलं होतं, ड्रायव्हर झाकण उघडून बसला होता आणि बसच्या सावलीत गॅसवर भाताचं मोठं पातेलं चढवलं होतं. बायका ओळीनं बसून भाजी चिरत होत्या. मला राहवेना.

"तिकडं कशाला जायलाव?" मामा मागून ओरडले. "त्यायला आपलं बोलनं तरी समजंल का?"

"न्हाई समजलं तर माघारी येऊ," मी म्हटलं आणि गेले. समोर उभं राहून, सगळ्या बायका माझ्याकडं बघतायत हे बघून, जीभ अडखळत मी ते ठरलेलं वाक्य म्हटलं. आजवर ते घरचे पुरुषच म्हणत आले होते. "पाव्हणं, आमचं पद अर्धं हाय. पुरं करून द्या."

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी हसलं, कुणी मला भात हवाय असं समजून पातेल्याकडं बोट दाखवलं. मी वळणार, तेवढ्यात टोकाला डाळ निवडत बसलेली एक पिकल्या केसांची बाई वर बघून म्हणाली, "पद कोणत्या देवळांत, अक्का?"

मराठीत! सूर तिकडचा, शब्द मात्र आपले. माझ्या हातातला तांब्या सांडायचाच राहिला. तिचं नाव कमलाबाई, राहणार तंजावर. मी तिथंच खाली बसून विचारायला सुरुवात केली आणि ती डाळ निवडता निवडता सांगत गेली. तंजावरला आपले मराठे राजे होते हे शाळेत कधीतरी वाचलेलं, पण त्यांच्याबरोबर गेलेली साधी माणसं अजून घरात मराठी बोलतात हे कुणी सांगितलं नव्हतं. "बाहेर तमिळ. घरांत हेंच. आमच्या पोरांना आतां येत नाही," ती म्हणाली. तिचं घराणं कीर्तनकारांचं. राजाच्या पदरी मराठी कीर्तन करणारे, तेलुगू पदं गाणारे, हिंदुस्थानी गाणारे, सगळे एकाच ओसरीवर बसत, एकमेकांच्या चाली उचलत, आणि बिदागी मिळाली की दुसऱ्या दरबाराकडं चालू लागत. कुणी हैदराबादेकडं, कुणी आणखी वर. मी विचार करत होते, ही माणसं चालत किंवा बैलगाडीतून याच रानातून गेली असतील. तेव्हा हा डांबरी फाटा नव्हता, पण वाट तर असेलच.

"चला देवळाला. बस नीट होईस्तोवर पाहून येऊं," कमलाबाई म्हणाली. बसच्या पुढाऱ्याला काहीतरी तमिळमध्ये दटावून ती आणखी एका बाईला घेऊन रिक्षात बसलीसुद्धा. मामांनी रसवंतीवाल्याकडं बघून हात जोडले.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सभामंडप भरलेला, घोंगडी अंथरलेली. यांना खुर्चीत बसवून खांबाशी आणलं होतं, अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फेटा. दर वर्षी ज्या जागी बसून म्हणायचे त्याच जागी. शंकरमामांनी उभं राहून सांगितलं की यंदा पद होणार नाही, पाहुणीबाई म्हणतील. कमलाबाई घोंगडीवर बसली, पदर सावरला आणि मला विचारलं, "काय म्हणूं?"

"जे तुमच्या घरात म्हनत्यात ते म्हना," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला शंकरमामांच्या हातातली घंटेची दोरी सुटली. तेच. तेच पद! चाल थोडी वेगळी होती, आमची ठाय लयीतली, तिची जरा पुढं पळणारी. मधे एका ठिकाणी ती वर गेली तिथं आमची खाली येते. पण तेच शब्द, तेच "रारा". तेवढ्यात मला खुर्चीवर काठी आपटल्याचा आवाज आला.

हे तिच्याकडं बघून मान हलवत होते. चिडले होते. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला, आपला, हळू. कमलाबाईनं डोळे उघडले, यांच्याकडं पाहिलं आणि तिची लय आपसूक खाली आली. आणि मग यांचं तोंड उघडलं. मला वाटलं "बरं" येईल. "बरं" आलं नाही. पद आलं. आधी घोगरं, गंजल्या बिजागरीसारखं, मग एकेक शब्द सुटा सुटा, स्वच्छ. तिच्यापेक्षा एक पाऊल मागं, मग बरोबरीनं, मग पुढं. मी खांबाला धरून उभी होते. पाच महिने ज्या तोंडातून माझं नावसुद्धा निघालं नव्हतं, त्यातून ते न समजणारे शब्द ओळीनं चालले होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसतही नव्हते.

शेवटच्या ओळीपाशी हे थांबले, जसे दर वर्षी थांबतात. वाडवडलांची सवय. कमलाबाई मात्र थांबली नाही. तिला थांबायचं असतं हे माहीतच नव्हतं. ती त्याच चालीत पुढं गेली आणि तिच्या तोंडून मराठी आली.

"घाल जात्याला मूठ, बाई, वाटसराच्या नावानं,
आला तर तो जेवंल, न्हाई तर देव जेवंल भावानं."

ती ओळ ऐकली आणि मी खांब सोडून पुढं झाले. कारण ती ओळ मला येत होती. सासूबाईंनी मला ती शिकवली होती. आमच्या घरात लग्नाचं दळण दळताना जात्यात ज्वारीची पहिली मूठ वाटसराच्या नावानं घालतात आणि ही ओवी म्हणतात. लेकीच्या लग्नात मीच म्हटली होती. पुरुष मंडपात बसून शेवटच्या ओळीची वाट बघत होते आणि ती त्यांच्याच घरात, मागच्या पडवीत, जात्यापाशी बसलेली होती. बायकांची ओवी पुरुषांनी कधी कान देऊन ऐकली नाही आणि पुरुषांच्या पदाला काय कमी आहे ते बायकांना कुणी विचारलं नाही. मंडपात गावातली बाई कधी गात नाही हे मी विसरून गेले, आणि तीच ओळ तिला परत म्हणून दाखवली. मागून आमच्या आळीतल्या बायकांनी ती उचलली. शंकरमामांनी घंटा वाजवायची सोडून तोंडावर पंचा धरला होता.

नंतर प्रसाद घेताना तिनं सांगितलं. त्यांच्या घरी ही शेवटची ओळ एकादशीच्या भजनात म्हणतात, पण "जात्याला मूठ" म्हणजे काय ते कुणाला कळत नव्हतं. त्यांच्या घराण्यातला कुणी एक गवई वरच्या मुलखात गेला होता, तिथं तापानं पडला, आणि हातानं थापलेल्या जाड पोळ्या खाऊ घालून एका घरानं त्याला वाचवलं. त्या घरातली बाई दळताना जे म्हणायची ते त्यानं आपल्या पदाला जोडलं. परत जाऊन त्या घरापुढं ते म्हणायचं असा त्यानं शब्द दिला होता, पण पुन्हा जाणं झालं नाही. म्हणून घरातले त्याच्या वतीनं म्हणत राहिले. आमच्या गोष्टीत गवयाकडं वीणा आहे, त्यांच्या गोष्टीत मृदंग. आमच्याकडं तो पावसाळाभर राहिला, त्यांच्याकडं थंडीत. तोच माणूस का दुसरा, मला सांगता येत नाही, आणि मी ते भांडून सिद्धही करणार नाही. "रारा म्हणजे काय?" एवढं मात्र मी विचारून घेतलं. "तेलुगू आहे. ये, ये," ती म्हणाली. "देवाला बोलावतात. पाहुण्यालाही."

मी तिला भाकरी दिली. तिनं ती हातात घेऊन मागून पुढून बघितली, तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि हसली. जाताना पदरात मूठभर ज्वारी बांधून घेतली. बस नीट झाल्याचा निरोप फाट्यावरून आला होता, मामांचा पुतण्या रिक्षाचा हॉर्न वाजवत होता. ती यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा यांनी डाव्या हातानं तिचा हात धरला आणि म्हणाले, "बरं."

हो, "बरं"च. घरी आल्यावर मी आशेनं विचारलं, पाणी देऊ का? "बरं." मला वाटलं होतं बोलायला लागतील. तसं काही झालं नाही. थोडी हिरमुसलेच मी. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बोलणं आणि गाणं डोक्यात एकाच जागी राहत नाही, धक्का बोलण्याच्या बाजूला बसला, गाण्याची बाजू शाबूत होती. मी म्हटलं, मग इतके महिने कळलं कसं नाही? ते म्हणाले, "तुम्ही त्यांना कधी गायला सांगितलं का?" आम्ही तर रेडिओ माळ्यावर टाकला होता. डॉक्टरांचं म्हणणं खरंच आहे. पण त्याच दिवशी, त्याच फाट्यावर, त्याच बसचं इंजिन का तापलं, हे मी त्यांना विचारलं नाही. सगळंच विचारायला हवं असं मला आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओ खाली आला. शनिवारचं भजन आमच्या आळीत परत आलं. गावानं बसून ठरवलं की पद आता एरवीही म्हणायला हरकत नाही, नाहीतर पुन्हा हीच वेळ यायची. लेक सुटीत येते, बापापुढं मांडी घालून बसते आणि शिकते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं आम्ही लहान लहान गोष्टी चालीत म्हणतो. पहिल्यांदा यांनी पदाच्या चालीत "चहा" म्हटलं तेव्हा मी इतका वेळ रडले की चहा उतू गेला. आता "पाणी", "म्हैस", "औषध नको" इथपर्यंत मजल गेली आहे. "औषध नको" फार सुरेल म्हणतात.

एक वाद मात्र झाला. ओळ सापडली, आता दर वर्षी पद पुरं म्हणायचं का? तरणी पोरं म्हणाली, म्हणा की, घोंगडी कशाला? शेवटी सगळ्यांनी यांच्याकडं पाहिलं. यांनी मान हलवली आणि घोंगडीकडं बोट केलं. म्हणून या चैत्रातही हे शेवटच्या ओळीपाशी थांबले आणि घोंगडीवर बसलेल्या पाहुण्यानं त्याचं म्हटलं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा होता, ओडिशाचा. त्याच्या आईचं अंगाईगीत म्हणाला. मी प्रसाद देताना पंचनामा केलाच.

मी पुन्हा देवाशी बोलते. विचारते कमी, सांगते जास्त. त्यानं माझ्या घरात काय दिलं आणि काय राखून ठेवलं, याचा हिशेब मी सोडून दिला आहे. जागा मोकळी ठेवणं एवढं माझं काम, येणं त्याचं. ज्या रात्री मी हात टेकले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, तेही डाळ निवडत, भाताच्या पातेल्यामागून. त्याचे उपकार मी कसे फेडू?

आता दळण गिरणीवरच जातं. पण डबा भरताना मी पहिली मूठ वेगळी, वाटसराच्या नावानं घालते. यांची खाट तिथून दिसते. मी मूठ उचलली की हे गळा साफ करतात आणि त्या ओवीची पहिली ओळ म्हणतात, सावकाश, एकही शब्द न चुकवता. मग थांबतात आणि माझ्याकडं बघत राहतात. यांना पुढचं येतं, मला माहीत आहे. पण पुढचं ते म्हणत नाहीत, माझ्यासाठी ठेवतात.